आधी ठिकाण सांगा

आमच्या गल्लीत ‘राँग नंबर’ म्हणणं म्हणजे शिवी दिल्यासारखं होतं. कुणी चुकून म्हणालंच तर धारवाले दादा दुकानातून डोकं बाहेर काढून विचारायचे, “कोण बोललं ते?” आणि हा शब्द ज्यांनी वर्षानुवर्षं एकाच माणसासाठी राखून ठेवला होता, तेही दादाच. आता ते नाहीत, तर लोक त्यांच्याबद्दल काहीबाही बोलतात. ज्यांनी त्यांना धड पाहिलंही नाही, ते जास्त बोलतात. मी एकवीस वर्षं त्यांच्या शेजारी शिवणयंत्र चालवलं. मधे फक्त फळ्यांची भिंत आणि तिला डोकं जाईल एवढी खिडकी. तेव्हा मीच सांगते. माझं तोंड फटकळ आहे, पण उगाच तिखटमीठ लावायची सवय नाही.

आधी नावाचा घोळ सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. गावाबाहेर चकोर नावाचा कारखाना होता. कात्र्या, कुलपं, स्टोव्ह, तराजू, असलं घरोघरी लागणारं सगळं तिथं व्हायचं आणि प्रत्येक वस्तूवर मान वर केलेला एक पक्षी ठोकलेला असायचा. मालकानं चकोर कधी पाहिला होता की नाही, देव जाणे. तो पक्षी कोंबडीसारखा दिसायचा. एक दिवस कारखान्याला टाळं लागलं आणि आम्ही सगळे फाटकाबाहेर. हातात कसब होतं, पण ते विकायचं कुठं? एक नाव तेवढं लोकांच्या ओळखीचं होतं. मग ज्यानं त्यानं तेच उचललं.

कुलूपवाल्यानं चकोर कुलूप दुरुस्ती काढली, स्टोव्हवाल्यानं चकोर स्टोव्ह. इथवर ठीक. पण पॅकिंगमधल्या दोघी बहिणींनी चकोर लाँड्री काढली, ऑफिसातल्या टायपिस्टनं चकोर टायपिंग क्लास आणि मी चकोर शिवणकाम. कारखान्याच्या ट्रकवर एक ड्रायव्हर होता. त्याच्या आवाजामुळे आम्ही त्याला भोंगा म्हणायचो. त्यानं जुनी गाडी घेऊन चकोर रुग्णवाहिका सुरू केली. कात्रीपासून रुग्णवाहिकेपर्यंत सगळं एकाच नावाचं! गावात नवा आलेला माणूस विचारायचा, हा चकोर शेठ राहतो कुठं? शेठ कसला डोंबलाचा, सगळा फाटक्यांचा बाजार.

हे सगळं भांडणाशिवाय झालं ते दादांमुळे. ते कात्री खात्याचे मुकादम होते. फाटकाबाहेरच त्यांनी सगळ्यांकडून वदवून घेतलं, “नाव एक, धंदा वेगळा. एकाच्या धंद्यात त्याच नावानं दुसऱ्यानं शिरायचं नाही.” सगळे हो म्हणाले. दादांचा सख्खा धाकटा भाऊही त्या घोळक्यात होता. त्याच कात्री खात्यात होता तो. त्यानंही मान डोलावली. मी त्याच्या शेजारी उभी होते, म्हणून छातीवर हात ठेवून सांगते.

दादांनी धार लावायचं दुकान टाकलं. गल्लीत फोन होता तो फक्त त्यांच्याकडे, काळा, जड, स्टुलावर ठेवलेला. भोंग्याकडे फोन नव्हता. पण तो राहायचा समोरच आणि गाडीही समोरच्या झाडाखाली उभी असायची. म्हणून गाडीवर नंबर रंगवला तो दादांचा. हळूहळू सगळ्या चकोरांचे फोन त्याच नंबरावर यायला लागले, म्हणून तिथं राँग नंबर असा नसायचाच. दादा धारेच्या चाकावरून उठायचे, हात पुसायचे, निरोप घ्यायचे आणि ज्याचा त्याला पोचवायचे. माझा निरोप त्या खिडकीतून. त्याच खिडकीतून मी त्यांना चिंध्या द्यायचे, कारण कात्रीला धार लागली की नाही ते ते माझ्या चिंधीवर बघायचे. चिंधी न ओढता, न चावता कापली गेली की कात्री पास.

सुरुवातीला गोंधळ व्हायचेच. एकदा एका बाईचा फोन आला, “गालिचाभर रक्त सांडलंय, लवकर या!” दादांनी गाडी पाठवली. भोंगा स्ट्रेचर घेऊन तीन जिने चढला, तर बाई म्हणते, मी लाँड्रीला बोलावलं होतं, पोराच्या नाकातून रक्त आलं होतं ते सकाळीच थांबलं. भोंग्यानं तो गालिचा स्ट्रेचरवर घालून आणला. लाँड्रीच्या बहिणी पोट धरधरून हसल्या.

पण एकदा हसण्यासारखं नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ फोनवर रडत होते, “ती श्वास घेत नाही हो, ती बोलत नाही हो,” हेच पुन्हा पुन्हा. दादा विचारताहेत कुठून बोलता, कुठून बोलता, तर तेवढ्यात लाईन गेली. भोंगा संध्याकाळपर्यंत गाडी घेऊन गल्ल्या धुंडाळत होता. दुसऱ्या दिवशी कळलं, आमच्या मागच्या तिसऱ्या गल्लीतलीच म्हातारी होती. दादा दोन दिवस जेवले नाहीत.

त्यानंतर त्यांनी नियम केला. गाडीवर नंबराखाली ठळक अक्षरांत रंगवून घेतलं, “आधी ठिकाण सांगा, मग काय झालं ते.” कात्री ज्या कागदात गुंडाळून द्यायचे त्यावरही तेच लिहायचे. फोन उचलला की पहिलं वाक्य, “चकोर. आधी ठिकाण सांगा.” कुणी रडायला लागलं तर दरडावायचे, “बाई, रडा नंतर. ठिकाण!” ठिकाण कानावर पडलं की डाव्या हातानं पत्र्यावर लोखंडी कांब हाणायचे. ठण्ण आवाज झाला की समोर भोंगा गाडीत. काय झालं, कुणाला झालं, हे सांगून होईतो इंजिन सुरू झालेलं असायचं. माझ्या नवऱ्याला छातीत कळ आली तेव्हा मीही घराखालच्या वाण्याच्या फोनवरून तसंच सांगितलं होतं, आधी ठिकाण, आणि वाचा गेल्यासारखी झाले. ठण्ण आवाज मला फोनमधूनच ऐकू आला. नवरा त्यानंतर नऊ वर्षं जगला. ती नऊ वर्षं मला दादांनी दिली, असं मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

आता धाकट्याचं. कारखाना बंद पडल्यावर तो दुसऱ्या गावी नोकरीला गेला होता. सहा वर्षांनी परत आला, बायकोला घेऊन, धारेच्या चाकाची नवी मोटर घेऊन, आणि नव्या रस्त्यावर पाटी लावली, ‘चकोर धारवाले’. दादांना कळलं तेव्हा ते माझ्याच कात्रीला धार लावत होते. कात्री तशीच टाकून गेले. मी मागोमाग गेले, कारण मला दोघांचाही राग ठाऊक होता.

दादा म्हणाले, “पाटी काढ. दुसरं काहीही नाव ठेव, मी स्वतः रंगवून देतो.”

धाकटा म्हणाला, “नाव काय तुझ्या बापाचं आहे?”

“तुझा नि माझा बाप एकच, म्हणून तर नीट सांगतोय. शब्द दिला होतास.”

“शब्दानं पोट भरतं का? कात्रीशिवाय मला दुसरं येतं काय? तूच शिकवलंस ना?”

खरं सांगायचं तर इथं दादांनी गप्प बसायला हवं होतं. धाकट्याचं चुकलं होतं, पण तो काही खोटं बोलत नव्हता. दादा म्हणाले, “आजपासून तू मला मेलास.” धाकट्याची बायको दारात उभी होती, तिनं डोळे खाली घातले. अकरा वर्षं हे शब्द तसेच राहिले.

आणि त्या अकरा वर्षांत दादांना ‘राँग नंबर’ म्हणता यायला लागलं. धाकट्याची गिऱ्हाइकं चुकून इकडे फोन करायची, “नव्या रस्त्यावरचं चकोर ना? माझ्या कात्र्या झाल्या का?” कुलपाचा निरोप, स्टोव्हचा निरोप, लाँड्रीच्या चादरी, सगळ्यांचं दादा आपुलकीनं पोचवायचे. पण ‘नव्या रस्त्यावरचं’ एवढं कानावर पडलं की “राँग नंबर” आणि फोन खाली. लोक पुन्हा फिरवायचे. दुसऱ्यांदा वाजला की दादा दोन बोटांनी रिसीव्हर उचलून न ऐकताच ठेवून द्यायचे. आम्हाला त्याची गंमत वाटायची. मी एकदा म्हणाले, “दादा, लहान पोरासारखं काय करता?” तर म्हणाले, “तू तुझी शिलाई उसवू नकोस, माझी तर मुळीच नको.”

धाकट्याची बायको कधीकधी माझ्याकडे कपडे आवळून घ्यायला यायची. दादा जेवायला गेलेले असतील ती वेळ साधून. खिडकीतून त्यांच्या रिकाम्या स्टुलाकडे बघायची आणि विचारायची, “भाऊजींचा खोकला कसा आहे?” मी म्हणायचे, तूच विचार की. ती हसायची आणि पिशवी उचलून निघायची.

त्या दिवशी सकाळचे अकरा वाजले असतील. भोंगा समोर गाडीची काच पुसत होता. दादा माझ्या मोठ्या कात्रीला धार लावत होते. फोन वाजला. दादांनी चाक तसंच फिरत ठेवलं, उचलला. “चकोर. आधी ठिकाण सांगा.” दोन-चार शब्द ऐकले असतील नसतील. “राँग नंबर.” ठेवला.

मी खिडकीतून विचारलं, “नव्या रस्त्याचं?”

“दुसरं कोण? म्हणे नव्या रस्त्यावरचं चकोर धारवाल्यांचं दुकान. मलाच पत्ता सांगतात!”

पुन्हा वाजला. दादांनी दोन बोटांनी उचलला आणि ठेवला. मला हसू आलं. मी म्हणाले, “गिऱ्हाईक चिकट दिसतंय. आता वाजला तर मी घेते, चांगली खरडपट्टी काढते.”

तिसऱ्यांदा वाजला नाही. दादांनी कात्री पुसली, चिंधी मागितली, एका दमात कापून दाखवली आणि म्हणाले, “अशी धार लागते का म्हणावं तिकडे.” मी कात्री घेतली आणि कामाला लागले.

पाऊण तासानं स्टोव्हवाला सायकलवरून आला. सायकल भिंतीला न लावता तशीच आडवी टाकली, तेव्हाच मी यंत्र थांबवलं. म्हणाला, “दादा, धाकट्याचं धारेचं चाक फुटलं. तुकडा मांडीत घुसला. रक्त थांबेचना.”

दादा उठले. “कुठं नेलंय?”

“शेजाऱ्यांनी हातगाडीवर घालून नेला. दवाखान्याच्या फाटकापर्यंत पोचले.” मग तो दादांकडे न बघता म्हणाला, “आत न्यायची गरज पडली नाही, दादा.”

समोरून भोंगा फडकं हातात घेऊन आला. स्टोव्हवाला त्याच्यावरच उसळला, “तू कुठं मेला होतास? दोनदा फोन केला म्हणे त्याच्या बायकोनं, गाडी आली नाही!”

“मी इथंच होतो,” भोंगा म्हणाला. “गाडीला हात लावून उभा होतो. ठण्ण वाजलंच नाही.”

दादांनी मोटरचं बटण बंद केलं. चाक थांबायला वेळ लागतो, ते थांबेपर्यंत ते त्याच्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, “चल, गाडी काढ.” इथून नव्या रस्त्याला गाडी सहा मिनिटांत पोचते. मला ते ठाऊक आहे, कारण त्या दिवशी मी मागच्या बाकावर दादांसमोर बसले होते आणि मनात मोजत होते. मोजू नये वाटत होतं तरी मोजत होते.

दुकानाची फरशी कुणीतरी धुतली होती, पण चाकाखालच्या खाचेत अजून लाल होतं. चाकाचा अर्धा तुकडा कोपऱ्यात पडला होता. धाकटा अजून दवाखान्यातच होता; त्याच्या बायकोला शेजाऱ्यांनी घरी आणलं होतं आणि ती आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली होती. अंगावर तेच रक्ताचे कपडे होते. तिच्या डोक्यावर भिंतीला फोन, आणि फोनशेजारी खिळ्याला एक पुठ्ठा टांगलेला. मी तो पुठ्ठा वाचला. दादांनीही वाचला. धाकट्याच्या अक्षरात रुग्णवाहिकेचा नंबर होता, म्हणजे दादांचाच, आणि खाली लिहिलं होतं, ‘रडत बसायचं नाही. आधी ठिकाण सांगायचं. दादा दुसरं ऐकून घेत नाही.’

ती उठली नाही. रडतही नव्हती. म्हणाली, “मी तसंच सांगितलं हो, भाऊजी. तोंडातून शब्द फुटत नव्हता, तरी धीर करून आधी ठिकाण सांगितलं. ते खाली पडल्या पडल्या म्हणत होते, आधी ठिकाण सांग, दादा लगेच गाडी पाठवेल.”

दादा तिथंच भिंतीला धरून खाली बसले. असा रांगडा माणूस, कधी डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं, त्यांच्या घशातून जो आवाज निघाला तो मला आजही सहन होत नाही. म्हणाले, “चुकलो मी. चुकलो.”

“आता कुणाला सांगताय?” ती म्हणाली. एवढंच. नंतरही तिनं त्यांना कधी दूषण दिलं नाही. दिलं असतं तर बरं झालं असतं, असं दादाच मला म्हणाले होते. महिन्याभरात ती माहेरी निघून गेली. पाटी उतरवायला दादा गेले होते, पण तिनं आधीच उतरवून कुणाला तरी देऊन टाकली होती.

दादांनी फोनची तार उपटायला घेतली तेव्हा भोंगा आडवा आला. म्हणाला, “उपटा. मग उद्या जो जाईल तोही तुमच्याच माथी.” दादांनी तार सोडली. गाडीवरची ओळ तरी पुसून टाक म्हणाले, तर भोंगा म्हणाला, “ओळीत काय चूक आहे? तिच्यात पुढे ‘मग काय झालं ते’ असंही लिहिलंय.” भोंग्याला मऊ बोलता येत नाही. पण तो बरोबर बोलला. सगळ्या गावानं ती ओळ पाळली. अर्धी ऐकून फोन ठेवला तो, ज्यानं ती लिहिली त्यानंच.

पुढे कित्येक महिने धाकट्याच्या गिऱ्हाइकांचे फोन येत राहिले, नव्या रस्त्याचं दुकान बंद का म्हणून. दादा आता राँग नंबर म्हणायचे नाहीत. म्हणायचे, “तो माझा भाऊ. गेला तो. तुमच्या कात्र्या असतील तर आणा, मी लावून देतो.” लोक साहजिकच विचारायचे, अरेरे, कसे गेले? आणि दादा सांगायचे, “चाक फुटलं. गाडीसाठी फोन आला होता. मी उचलला आणि ठेवून दिला.” परक्या माणसांना! मी खिडकीतून म्हणाले, “दादा, कशाला सांगत बसता जगाला?”

“विचारतात,” ते म्हणाले.

धार लावायचं काम त्यांनी सोडलं नाही, पण हात गेला तो गेला. माझी चिंधी कात्रीत अडकायला लागली. मी मुकाट्यानं घ्यायचे आणि बाहेरगावच्या माणसाकडून पुन्हा लावून आणायचे. चार वर्षं अशी गेली. मग खोकल्यानंच गेले. त्यांच्या वेळी ठण्ण वाजवलं मी. गाडी वेळेत आली, दवाखान्यात वेळेत पोचली, सगळं नियमानं झालं, आणि तरी ते गेले.

फोन आता माझ्याकडे आहे, शिवणयंत्राशेजारी. लोखंडी कांबही. लाँड्री बंद झाली, टायपिंग क्लास कधीच गेला, पण गाडी आहे आणि तिच्यावर नंबर हाच आहे. मी दादांसारखंच उचलते, “चकोर. आधी ठिकाण सांगा.” ठिकाण आलं की कांब हाणते, मग सगळं ऐकते. पत्ता चुकलेला असो, माणूस तिरसट असो, कुणी नुसतं बडबडत असो, समोरच्यानं ठेवल्याशिवाय मी ठेवत नाही. शिलाई खोळंबते, गिऱ्हाइकं चिडतात. चिडू देत.

एक गोष्ट दादांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितली नाही. इतक्या परक्या माणसांना स्वतःचं पाप सांगितलं, पण शेजारची बाई त्या वेळी काय करत होती, ते कधी तोंडातून काढलं नाही. माझ्याशीही नाही. मी वाट बघत होते की एकदा तरी रागानं म्हणतील. नाही म्हणाले.

अजूनही वर्षा-सहा महिन्यांनी एखादा जुना माणूस फोन करतो, नव्या रस्त्यावरचे धारवाले आहेत का म्हणून. मी सांगते, ते गेले. कसे गेले विचारलं की दादा सांगायचे तेवढं सगळं सांगते. आणि मग पुढचंही सांगते, की फोन दुसऱ्यांदा वाजला तेव्हा मी शेजारी बसून हसत होते.